तिकिटात सारे आले

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या संध्याकाळी आमच्या सांगलीच्या घरी सगळी मंडळी फराळाला बसली असताना विषय निघाला आगबोटीचा. पुतणी आणि तिचे यजमान नुकतेच मुंबईहून जहाजाने समुद्राची सहल करून आले होते. कोठे जायचे आणि कोठे उतरायचे याला त्या सहलीत फारसे महत्त्व नव्हते. जहाजावर राहणे हीच सहल. मजल्यांवर मजले, पोहण्याचा हौद, नाटकगृह, रात्री उशिरापर्यंत उघडी असणारी भोजनगृहे असे वर्णन रंगात आले होते.

"आणि पिण्याचं काय गं?" अक्कांनी मध्येच विचारले. अक्का म्हणजे आमच्या थोरल्या भगिनी, कोरेगावकडे दिलेल्या. त्यांच्या मनात अर्थात चहा आणि पाणी.

"आत्या, तेसुद्धा आधीच धरलेलं. एकदा पॅकेज घेतलं की सरबत म्हणा, कॉफी म्हणा, आणखी काही म्हणा; मागाल ते आणि मागाल तितकं. कुणी बिल म्हणून पुढं करत नाही. तीच तर खरी चैन!"

अक्कांनी चकलीचा तुकडा मोडला आणि म्हणाल्या, "बिल पुढं आलं नाही म्हणून पैसे पडलेच नाहीत, असं थोडंच आहे? कुणीतरी भरलेच असतील की."

सगळे हसले. मीही हसलो. पण मंडळी पांगल्यावर तो प्रश्न माझ्या मनात घोळत राहिला. सागरी प्रवासातली चैन म्हणजे नेमके काय, आणि तिचे पैसे कोण भरतो? शोध घेऊ लागलो तो समुद्रापासून कोसच्या कोस दूर असलेल्या आमच्या या कृष्णाकाठच्या दोन जिल्ह्यांचीच नावे त्या कथेत भेटू लागली. अक्कांच्या कोरेगाव तालुक्यातले कण्हेरखेड हे त्यांपैकी एक, आणि आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका फाटकावरचे नाव हे दुसरे. ही दोन नावे एका आगबोटीने जोडली आहेत. तिचीच ही गोष्ट.

सागरी प्रवास आणि सुख हे दोन शब्द आपल्या वाडवडिलांनी कधी एका वाक्यात आणले नसते. समुद्र ओलांडणे म्हणजे धर्म बुडवणे, असा समज होता. आणि तो समज पुष्कळसा पाण्याच्या घागरीत साठलेला होता. बोटीवर पाणी कोणी भरले, कोणत्या हाताने दिले, अन्न कोणी शिजवले, हाच सारा घोर. रघुनाथराव पेशव्यांचे वकील म्हणून हणमंतराव नावाचे ब्राह्मण गृहस्थ विलायतेस गेले, तेव्हा १७८१ साली एडमंड बर्क या प्रसिद्ध मुत्सद्द्याने बीकन्सफील्डच्या आपल्या बागेतले काचघर त्यांना मोकळे करून दिले. तेथे त्यांनी आपल्या हाताने स्वयंपाक करावा, स्नानसंध्या करावी, कोणी आड येऊ नये. परमुलखात आपला आचार आपल्याला पाळता येणे, ही त्या पाहुण्यांना केवढी मोठी चैन वाटली असेल!

पुढे १८३९ साली साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना कंपनी सरकारने गादीवरून दूर केले आणि काशीस पाठविले. त्यांची दाद मागण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले. १८५३ पर्यंत ते लंडनमध्ये झगडत राहिले. इकडे १८४७ साली महाराज निवर्तले, पुढच्याच वर्षी सातारचे राज्यही खालसा झाले; पण वकिलाने जागा सोडली नाही. साताऱ्याच्या माणसाला समुद्र माहीत झाला तो असा. हवापालटासाठी नव्हे, न्याय मागण्यासाठी.

त्याच काळात त्याच समुद्रावर दुसरी एक दुनिया सुरू झाली होती. विलायत आणि पूर्वेकडील देश यांच्यामध्ये पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटी टपाल आणि उतारू नेऊ लागल्या. १८४४ साली या कंपनीने थॅकरे या इंग्रज लेखकाला भूमध्य समुद्राच्या सफरीचे तिकीट फुकट दिले, आणि त्याने तिच्यावर एक पुस्तक लिहिले. कंपनीची जाहिरात झाली, लेखकाची सहल झाली. फुकटाचे पैसे कोठून तरी वसूल होतातच, हे अक्कांचे सूत्र तेव्हाही खरे होते.

आज आमच्या पुतणीला जे नवल वाटले, तेही त्या कंपनीत पहिली काही दशके रूढ होते. वरच्या वर्गाच्या उतारूला जेवणाबरोबरच वाइन, बीअर आणि इतर मद्ये तिकिटातच मिळत. आठवड्यातून दोन दिवस, गुरुवारी आणि रविवारी, शँपेनही येई. यात उदारपणा होता तसा हिशेबही होता. लांबचा प्रवास, कडक ऊन, करण्यासारखे काही काम नाही. अशा वेळी माणसाचे मन आपसूक गैरसोयी मोजू लागते. पेला भरलेला असला आणि किंमत विचारावी लागत नसली, म्हणजे उतारू पाहुणा होतो आणि कंपनी यजमान होते. पाहुणा सहसा कुरकुर करीत नाही. पुढे स्पर्धा वाढली, खर्चाला कात्री लावण्याची वेळ आली आणि १८७० नंतरच्या दशकात ही फुकट पेये बंद झाली. त्याबरोबर यजमानपणही थोडे ओसरले.

पण बोटीवरची खरी चैन पेल्यात नव्हती, पेला आणून देणाऱ्या हातात होती. हे हात कोणाचे? पी. अँड ओ.च्या भोजनगृहात वाढणारे पुष्कळसे लोक गोव्याचे होते. डेकवरचे दोर ओढणाऱ्या खलाश्यांत आपल्या रत्नागिरीकडचे, किनारपट्टीचे पुष्कळ होते. आणि तळाशी, जेथे उन्हाचा किरणही पोचत नाही, तेथे भट्टीत कोळसा लोटणारे आगवाले. तांबड्या समुद्रातून बोट जाताना वरचा उतारू उष्म्याने हैराण होऊन बर्फ मागे. त्याच वेळी त्याच्या पायाखाली कित्येक फुटांवर भट्टीची दारे उघडत आणि मिटत असत. वरच्या मजल्यावरचा गारवा खालच्या मजल्यावरच्या आगीवर चालत होता. तिकिटात सारे येत होते खरे; पण ही माणसे तिकिटावर छापलेली नव्हती.

आता १८९१ हे साल ध्यानात ठेवावे. त्या वर्षी २२ जानेवारीला 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' ही जर्मन आगबोट २४१ उतारू घेऊन भूमध्य समुद्राच्या केवळ सहलीसाठी निघाली. उत्तर अटलांटिकवर हिवाळ्यात उतारू मिळत नाहीत, बोट रिकामी ठेवण्यापेक्षा सहलीला न्यावी, ही युक्ती अल्बर्ट बालिन या व्यवस्थापकाची. आजच्या आरामशीर सफरींची ती आद्य माता मानली जाते. त्यानंतर पुरते तीन आठवडेही झाले नाहीत तोच, फेब्रुवारीत, लिव्हरपूलहून दुसरी एक नवी कोरी आगबोट निघाली. तिचे नाव 'एम्प्रेस ऑफ इंडिया', म्हणजे हिंदुस्थानची सम्राज्ञी. मालक कॅनडाची कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे कंपनी. वजन ५,९०५ टन, रंग शुभ्र पांढरा, नाळ जुन्या गलबतासारखी डौलदार पुढे झुकलेली. सुएझ, कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग, जपान असे करीत ती एप्रिलच्या अखेरीस व्हँकूव्हरला पोचली. तेथून रेल्वेने कॅनडा ओलांडायचा आणि पुन्हा बोटीने विलायत गाठायची. पृथ्वीप्रदक्षिणेचे तिकीट ६०० डॉलर.

या बोटीत वरच्या वर्गाच्या १२० माणसांची सोय होती, मधल्या वर्गात ५०, आणि तळच्या वर्गात ६००. वर चहा, रेशीम आणि जगप्रवास यांच्या गप्पा; खाली पोटासाठी घर सोडून निघालेले चिनी मजूर. हे आकडेच पुष्कळ बोलतात. चैनीचे एक मोजमाप असे की, एका माणसाला किती जागा मिळाली. आणि दुसरे असे की, ती जागा मिळावी म्हणून किती माणसे दाटीने बसली.

या पांढऱ्या बोटीने तेवीसएक वर्षे प्रशांत महासागर पालथा घातला. मग पहिले महायुद्ध आले आणि १९१४ च्या डिसेंबरात ती एका हिंदी राजाने विकत घेतली. तो राजा म्हणजे ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे.

येथे आमचे कण्हेरखेड येते. शिंद्यांचे मूळ गाव तेच. तेथल्या पाटीलकीच्या घराण्यातले राणोजी पेशव्यांच्या पदरी राहिले. पेशव्यांचे जोडे सांभाळता सांभाळता त्यांचे नशीब उघडले, अशी कथा सांगतात. पुढे महादजींनी दिल्लीच्या बादशहालाही आपल्या छायेखाली आणले. पण स्वतःला पाटील म्हणवून घेण्यात त्यांना सर्वांत मोठा अभिमान वाटे. त्याच वंशातले हे माधवराव.

चैन कशी करावी हे माधवरावांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. ग्वाल्हेरच्या जयविलास प्रासादात त्यांच्या भोजनाच्या मेजावर रुळांचा गोल असे, आणि त्यावरून चांदीची इवलीशी आगगाडी धावे. तिच्या डब्यांत मद्याच्या बिलोरी सुरया आणि चिरूट. डब्यांवर शिंदे हे नाव इंग्रजी अक्षरांत, डब्याला एक अक्षर याप्रमाणे. पाहुण्याने आपल्यासमोर आलेली सुरई उचलली की गाडी थांबे; परत ठेवली की पुढच्या पाहुण्याकडे निघे. मागणे नाही, वाढणे नाही, बिल तर नाहीच. 'मागाल ते, मागाल तितके' या कल्पनेचा याहून थाटाचा नमुना मला ठाऊक नाही.

परंतु याच महाराजांनी ती विलासी आगबोट सहलीसाठी घेतली नव्हती. तिचे त्यांनी रुग्णालय केले. युद्धावर गेलेल्या हिंदी शिपायांतले जखमी तिच्यातून आणावयाचे होते. १९१५ च्या जानेवारीत तिचे नाव बदलून 'लॉयल्टी', म्हणजे राजनिष्ठा, असे ठेवण्यात आले. जेथे जगप्रवासी पेले उंचावीत, तेथे आता खाटा लागल्या. ज्या शिपायाला उभ्या जन्मात पहिल्या वर्गाचे तिकीट मिळाले नसते, तो त्या बोटीत निजला. पण त्या तिकिटाची किंमत त्याने हातापायांनी भरली होती. सातारा जिल्ह्याने त्या काळात पलटणींना किती मुलगे दिले, हे येथल्या गावोगावच्या घरांना सांगावे लागत नाही.

युद्ध संपले आणि बोट विकण्याचे ठरले. सोलापूरचे वालचंद हिराचंद त्या वेळी रेल्वेची आणि बांधकामांची मोठमोठी कंत्राटे घेत असत. आगगाडीच्या प्रवासात भेटलेल्या एका गोऱ्या इंजिनियराकडून त्यांना या बोटीची वार्ता लागली, असे सांगतात. नरोत्तम मोरारजी आणि इतर धनिकांना जोडीस घेऊन त्यांनी १९१९ च्या मार्चमध्ये जहाजांची कंपनीच काढली. बोटीच्या मूळ धन्यावरून तिचे नाव ठेवले 'सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी'. असे कण्हेरखेडच्या पाटलांचे आडनाव, इंग्रजी उच्चाराचा पोशाख घालून, समुद्रावर गेले.

५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. वालचंद स्वतः बोटीवर होते. तिकडे त्या वेळी लोकमान्य टिळक लंडनमध्येच होते. आणि इकडे, दुसऱ्याच दिवशी, ६ एप्रिलला रौलट कायद्याच्या निषेधार्थ देशभर हरताळ पडला. असे ते दिवस.

ही सफर चैनीची होती काय? बोटीचे वय २८ वर्षांचे, भूक कोळशाची दांडगी, दुरुस्त्यांचा ताप मागे लागलेला. नव्या विलायती बोटींच्या मानाने ती थकलेली म्हातारी होती. तरीही मला वाटते, तिच्यावर एक सुख असे होते, की जे शँपेनच्या पेल्यात कधीच उतरले नाही. ज्या बोटीत आपण बसलो आहोत ती आपली आहे, हे सुख. परक्याच्या बोटीत हिंदी माणूस पहिल्या वर्गाचे तिकीट काढूनही मेजावर कोठे बसवले जाईल याचा अंदाज घेत असे. घरच्या पाटावर बसताना तो घ्यावा लागत नाही.

हे सुख विकत घेणे किती महाग होते, ते तेरा वर्षांपूर्वीच दिसून आले होते. १९०६ साली तुतिकोरीनला चिदंबरम पिळ्ळे यांनी स्वदेशी आगबोट कंपनी काढली आणि कोलंबोपर्यंत बोटी सुरू केल्या. मुकाबल्याला गोरी ब्रिटिश इंडिया कंपनी. तिने भाडे एक रुपयावर आणले. तेवढ्याने भागेना, तेव्हा उतारूंना फुकट न्यावयास आरंभ केला आणि वर प्रत्येकाला एकेक छत्री भेट! पाहुणचार म्हणतात तो याहून काय निराळा? पण लोकांनी छत्र्या घेतल्या आणि स्वदेशी कंपनी उन्हात पडली. १९०८ साली पिळ्ळे तुरुंगात गेले, कंपनीही बुडाली. तिला पाणी पाजून झाल्यावर गोऱ्यांची फुकट छत्री पुन्हा कोणाच्या डोक्यावर राहिली नाही. अक्का त्या बंदरावर असत्या, तर त्यांनी छत्री हातात घेण्यापूर्वी विचारले असते, "याचे पैसे कुणी भरले?"

वालचंदांसमोरही तीच गोरी कंपनी उभी होती, आणि आता ती पी. अँड ओ.शी एक झालेली होती. भाड्यांची तीच झुंज पुन्हा जुंपली. 'लॉयल्टी' फार काळ तगली नाही. १९२१ साली ती बंदरात बांधून ठेवली आणि १९२३ साली मुंबईत मोडीत काढली. जगप्रदक्षिणेसाठी निघालेली सम्राज्ञी भंगाराच्या भावाने गेली. परंतु कंपनी टिकली. मालवाहू जहाजांवर तिने तग धरला आणि तिच्या जहाजांची नावे 'जल' या शब्दाने सुरू होऊ लागली. १९४१ साली विशाखापट्टणला जहाज बांधण्याच्या कारखान्याची कोनशिला राजेंद्रबाबूंच्या हस्ते बसली, आणि १४ मार्च १९४८ रोजी तेथे बांधलेली 'जल-उषा' पंडित नेहरूंनी पाण्यात सोडली. 'लॉयल्टी' निघाली तो ५ एप्रिल हा दिवस १९६४ पासून राष्ट्रीय नौवहन दिन म्हणून पाळला जातो. वालचंद १९५३ साली वारले. सांगलीला १९४७ साली धोंडूमामा साठे यांच्या खटपटीने निघालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला पुढे त्यांचेच नाव मिळाले. विश्रामबागेतून रोज जाता येता ते नाव आपण वाचतो; पण त्यामागे समुद्राची गाज आहे हे सहसा कोणाच्या कानी येत नाही.

पाण्याचा विषय मात्र अजून राहिलाच. बोटीवर सर्वांत मोठ्या थाटाने कोणते पेय गेले असेल? शँपेन नव्हे, गंगाजल. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणास जयपूरचे महाराज माधोसिंह निघाले, तेव्हा त्यांनी 'ऑलिंपिया' ही अख्खी आगबोटच भाड्याने घेतली आणि चांदीच्या प्रचंड घागरी गंगाजलाने भरून बरोबर नेल्या. एकेक घागर सुमारे ३४५ किलो वजनाची, तीत सुमारे ४,००० लिटर पाणी मावे. त्या आजही जयपूरच्या राजवाड्यात पाहावयास मिळतात. हसू येते खरे. पण पाहा, हणमंतरावांना बर्कच्या काचघरात जे मिळाले, तेच महाराज चांदीच्या भांड्यातून नेत होते. परक्या मुलखात आपल्या घरचा एक घोट. चैनीची भांडी बदलली, तहान तीच.

तेव्हा जहाजाला राजेशाही कशाने म्हणावे? गालिच्यांनी नव्हे, हौदांनी नव्हे, आणि फुकट दिसणाऱ्या पेल्यांनी तर नव्हेच. माणसाच्या डोक्यावरचा घोर उतरला की त्याला चैन वाटते. पी. अँड ओ.च्या साहेबाचा घोर हिशेबाचा होता, वकिलाचा आचाराचा, जखमी शिपायाचा घरी पोचण्याचा आणि वालचंदांचा परक्याच्या कृपेने प्रवास करण्याचा. ज्याचा जसा घोर, तशी त्याची चैन. मात्र एकाच्या डोक्यावरचा घोर उतरतो तो हवेत विरत नाही. तो दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर जाऊन बसतो. आगवाल्याच्या, वाढप्याच्या, किंवा बुडालेल्या एखाद्या कंपनीच्या. तो कोणाच्या डोक्यावर गेला हे विचारणारा पाहुणा भला, आणि न विचारणारा पाहुणा केवळ गिऱ्हाईक.

२०२१ साली मुंबईहून सहलीच्या जहाजांची जी नवी ये-जा सुरू झाली, तीत पहिल्याने आलेल्या जहाजाचे नावही योगायोगाने 'एम्प्रेस' हेच होते. १३० वर्षांनी सम्राज्ञी पुन्हा आली, आणि या वेळी तिच्या वरच्या मजल्यावर आमच्यासारख्यांची मुलेबाळे होती. त्याचा मला मनापासून आनंद आहे. त्यांनी खुशाल जावे, खुशाल प्यावे, समुद्र डोळे भरून पाहावा.

हे सारे मी पुतणीला सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, आम्हांला रोज सकाळी चहा आणून देणारा मुलगा चिपळूणकडचा होता. त्याच्या घरी दिवाळीला कोण असेल, हे मी विचारलंच नाही."

अक्कांनी तिच्या ताटात आणखी एक करंजी वाढली. "पुढच्या खेपेला विचार," त्या म्हणाल्या, "आणि जाताना त्याच्यासाठी चार लाडू बांधून ने. ते काही तिकिटात येत नाहीत."